पायलटला फक्त वजन सांगायचं

देवदूत हा शब्द यापुढे माझ्यासमोर कोणी काढू नये. परवा आमच्या सोसायटीच्या वॉट्सॲप ग्रुपवर कोणीतरी माझा विमानाशेजारचा फोटो टाकला, खाली लिहिलं ‘कारेलीबागची देवदूत’, आणि त्याखाली जोडलेल्या हातांच्या चिन्हांची रांग लागली. मी तडक ग्रुप सोडला. आई म्हणाली, “अगं मृणाल, कौतुकच करतायत ने लोक! त्यात एवढं तडकायला काय झालं?” काय झालं ते तोंडाने सांगायला गेले की माझा आवाज चढतो आणि बाबा उठून बाल्कनीत जातात. म्हणून लिहून काढते आहे. ज्यांना तिकडे कधी जायचं नाही, जायची गरजही पडणार नाही, त्यांनी वाचावं.

बडोदे, निघताना

सहा वर्षं मी शिकाऊ मुलामुलींना लहान विमानं उडवायला शिकवत होते. तीच धावपट्टी, त्याच चकरा, आणि उतरताना त्याच चुका करणारी नवनवी तोंडं. कंटाळा आला होता. अशात ईशान्येकडच्या डोंगराळ भागातून रुग्णांना विमानाने खाली शहरात आणणाऱ्या एका सेवेत पायलटची जागा निघाली. अट अशी, की सहा आठवडे तिथल्या कॅप्टनशेजारी उजव्या खुर्चीत बसायचं आणि काम शिकायचं. शेवटी कॅप्टनने सही केली तर नोकरी, नाही केली तर घरी परत. मला ती सही हवी होती. इतकं काही हवंसं मला आजवर वाटलं नव्हतं.

आमच्याकडे पणजोबांपासून सगळे संस्थानच्या दप्तरात आणि पुढे सरकारी कचेऱ्यांत चिकटलेले. बाबा प्रतापनगरला रेल्वेच्या ऑफिसातून निवृत्त झाले. निरोप घ्यायला समा भागात राहणाऱ्या काकांकडे गेले तर काका म्हणाले, “विमानाची असली तरी अँब्युलन्सच ने ती? म्हणजे ड्रायव्हरच की गं तू!” काकूला वेगळीच चिंता होती, स्थळं बघताना काय सांगायचं ही. मी चहा अर्धा टाकून उठले. दारात काकू सवयीने म्हणाली, “जपून जा हं. काही कामकाज असलं तर सांग.”

हे वाक्य बडोद्यात प्रत्येक दारात म्हटलं जातं. गुजराती शेजारी म्हणतात, ‘कामकाज होय तो केजो’, आम्ही तेच मराठीत म्हणतो. पाहुणा चपला घालत असतो, आपला हात कडीवर असतो, आणि निरोप कोरडा जाऊ नये म्हणून हे बोलायचं. कोणी खरंच काम सांगत नाही. सांगितलं तर दोघांचीही पंचाईत होईल. मी लहानपणापासून हे हजारदा म्हटलं असेल.

आईने दोन दिवस खपून बॅग भरली. लीलो चेवडो, भाखरवडी, थेपले, गोळकेरी, आणि वर कोणाला द्यायला म्हणून पुन्हा चेवडो. “लोकांना दे. ओळख होते,” ती म्हणाली. मी चिडचिड केली, पण काढलं काहीच नाही.

तळावर

विमानं, रेल्वे आणि शेवटचा धूळभरला रस्ता यांबद्दल मी काही लिहीत नाही. डोंगर जिथे सपाटीला टेकतात तिथे एक गाव आहे, तिथे आमचा तळ. पत्र्याची लांब शेड, पुढे एका इंजिनाचं पांढरं विमान, आत दोन स्ट्रेचर. गावाचं नाव लिहीत नाही. नाव लिहिलं की कोणीतरी फोटो काढायला जाईल.

कॅप्टन कुरियन केरळचे, साठीला आलेले, जेवढ्यास तेवढं बोलणारे. मी “गुड मॉर्निंग, सर” म्हटलं तर त्यांनी कोपऱ्यातल्या काट्याकडे बोट दाखवलं. आधी मी उभी राहिले, मग बॅग ठेवली. मी त्रेसष्ट किलो, बॅग बावीस. त्यांनी बॅग उघडायला लावली आणि आईचे डबे एकेक करून टेबलावर मांडले, कस्टमवाल्याने मांडावेत तसे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“वर नेताना ह्यातला एकच,” ते म्हणाले. “एका डब्याचं वजन म्हणजे दहा मिनिटांचं इंधन.” ते इंग्रजीत बोलायचे, मी इथे मराठीत लिहिते आहे. दहा मिनिटांचं इंधन हे अतिशयोक्तीचं होतं हे मला कळत होतं, पण पहिल्याच दिवशी कोण वाद घालणार!

तिथल्या सगळ्या कारभाराचं नाक म्हणजे बरुआदांचं टेबल. बरुआदा आसामी, गळ्यात कायम मफलर, पुढ्यात तीन फोन. डोंगरातल्या गावांतून हाक आली की ती त्यांच्याकडे येते. कोण आजारी, काय झालंय, हे सगळं ते शेजारच्या खोलीत डॉक्टर आणि नर्सला सांगतात. आमच्यासाठी मात्र भिंतीवरच्या पांढऱ्या फळ्यावर तीनच गोष्टी लिहितात: गाव, माणसं किती, वजन किती.

“पेशंटला झालंय काय?” पहिल्यांदा फळा भरला तेव्हाच मी विचारलं.

कुरियन सरांनी मान वर केली. “विचारायचं नाही.”

“का?”

“पायलटला फक्त वजन सांगायचं. ह्या तळाचा नियम आहे.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी माणसं आणायला आले होते, सिमेंटच्या गोण्या नाही. सर बाहेर गेल्यावर बरुआदांनी हळू आवाजात समजावलं, “देखो मैडम, जाना है कि नहीं, ये बादल देखकर बोलना है, हवा देखकर बोलना है. पेशंट देखकर नहीं.” मला ते पटलं नाही. माणसाचं काय झालंय हे कळलं की माणूस जास्त जपून उडवेल असं मला वाटायचं. संध्याकाळी आईला फोनवर हे सांगितलं तर तीही म्हणाली, “काय बाई लोक तरी, चौकशीसुद्धा करायची नाही?” आमच्या कारेलीबागेत शेजारच्या दारात अँब्युलन्स उभी राहिली तर स्ट्रेचर जिन्यातून खाली येईपर्यंत चार मजल्यांना आजाराचं नाव माहीत असतं.

वर, पहिल्यांदा

चौथ्या दिवशी सियांग नदीच्या खोऱ्यात वरच्या गावाला गेलो. पेशंट नव्हता. औषधं पोचवायची होती आणि मला ती धावपट्टी दाखवायची होती. नदी खाली हिरवी, दोन्ही बाजूंना डोंगर इतके जवळ की झाडांवरचं शेवाळ दिसतं. खोरं शेवटी कोपरासारखं वळतं, आणि वळल्यावर लगेच पुढ्यात पट्टी. तिचं एक टोक नदीच्या कड्यावर, दुसरं डोंगराच्या पोटात. साडेअकरानंतर त्या वळणावर असा वारा सुटतो की विमान उचलून कडेला फेकेल. म्हणून वरच्या गावाला जायचं तर तळावरून साडेदहाच्या आत उडायचं, हा दुसरा नियम. तो मात्र मला पहिल्याच फेरीत पटला.

उतरायला गेलो तर पट्टीवर दोन मिथुन बसलेले. मिथुन म्हणजे तिथली गाईम्हशींच्या मधली दणकट जनावरं. आम्ही वरून एक घिरटी घातली, तोवर छत्री उगारून एक बाई त्यांच्या मागे धावली. खाली उतरल्यावर बघते तर पोट चांगलं पुढे आलेलं. तीच यालेम, तिथल्या आरोग्य केंद्राची नर्स.

“तुम ऐसे दौड़ोगी?” मी ओरडलेच.

“तो कौन दौड़ेगा? पायलट?” ती हसून म्हणाली.

त्या आरोग्य केंद्राबद्दल दोन शब्द लिहायलाच हवेत, कारण माझा राग तिथूनच धुमसायला लागला. गावाच्या तोंडाशी स्वागताची भलीमोठी कमान, वर बड्या लोकांची नावं, रंग ताजा. कमानीपासून वीस पावलांवर रस्ता वाहून गेलेला. केंद्रात शस्त्रक्रियेची खोली आहे, उद्घाटनाची पाटी आहे, सोनोग्राफीचं मशीनही आहे, प्लास्टिकच्या वेष्टनात. ते चालवायला माणूस आलेलाच नाही. “फोटो के दिन खोला था,” यालेम म्हणाली. “फिर ढक दिया. धूल लगता है ना.” तिच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे मला दुप्पट आला.

केंद्रात जो काटा होता तो मात्र रोज वापरातला. विमानाने जाणाऱ्या प्रत्येकाचं वजन करून ती टेबलाला कळवायची. त्या गावात वजन ही लपवायची गोष्टच नव्हती. आमच्याकडे बाईला वजन विचारलं तर ती वर्षभर बोलणार नाही. इथे माणसं नावामागोमाग वजन सांगत होती. यालेमचं आमच्या तळावरच्या यादीत कायमचं लिहिलेलं होतं, कारण कधीकधी पेशंटबरोबर तीच खाली यायची.

“मेरा साठ,” ती म्हणाली, आणि पोटावर हात ठेवला. “उसमें एक छोटा आदमी भी है.” सातवा महिना चालू होता.

सर विमानाभोवती फिरत होते तेवढ्यात तिने मला घरी नेलं. बांबूच्या खांबांवर उचललेलं घर, मधोमध चूल, चुलीवर टांगलेलं धुरावलेलं मांस. भात, उकडलेला पाला आणि बांबूच्या कोंबांची आंबूस, जहाल चटणी. पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांतून धार लागली, तिच्या सासूने हसत हसत पुन्हा वाढली. जेवणात तेल जवळजवळ नाही आणि साखर तर कशातच नाही. मी आईचा चेवडो काढला. यालेमने चिमूटभर तोंडात टाकला आणि तोंड वाकडं केलं. “नमकीन है तो मीठा काहे को है?” आता ह्याचं उत्तर कोणता बडोदेकर देईल! सासूने मात्र डबाच ठेवून घेतला.

निघताना मी चपला घातल्या. यालेम खांबाला टेकून उभी होती. मी माझा नंबर तिच्या फोनमध्ये घातला आणि म्हटलं, “कुछ भी कामकाज हो तो मुझे बोलना, हां.”

ती हसली नाही. तिने माझ्याकडे नीट बघितलं, मान हलवली, आणि म्हणाली, “बोलूंगी.” मला ते तेव्हा गोड वाटलं.

तळावर, आठवा महिना

त्यानंतरचे दिवस चांगले गेले. आम्ही सात माणसं खाली आणली. मी वारा वाचायला शिकले, फळ्याकडे बघून गप्प बसायलाही शिकत होते. एकदा तर पाठ दुखते म्हणून एक बडे पुढारी स्वतःसाठी विमान मागायला आले, बरोबर दोन कार्यकर्ते. सरांनी काही न बोलता काट्याकडे बोट दाखवलं. पुढारी काट्यावर चढायला तयार झाले नाहीत आणि गाडीने गेले. त्या दिवशी मला सर पहिल्यांदा आवडले.

मग तो दिवस आला. सकाळपासून वरच्या डोंगरावर ढग बसून होते. साडेदहा वाजून गेले. पावणेअकराला बरुआदांचा फोन वाजला, त्यांनी फळ्यावर लिहिलं: वरचं गाव, माणसं दोन, वजन एकशे अठरा. सरांनी आभाळाकडे पाहिलं, हवामानाचा कागद पाहिला. “आज नाही. उद्या पहाटे पहिलं.” बरुआदांनी मान हलवून तसं कळवलं.

पाच मिनिटांनी माझ्या खिशातला फोन वाजला. मी शेडच्या मागे जाऊन घेतला.

“दीदी, मैं यालेम. खून जा रहा है. बहुत.” तिचा आवाज नर्सचा होता, दुसऱ्या कोणाबद्दल सांगावं तसा सरळ. “टेबल कल बोलता है. कल तक नहीं होगा. आप बोला था ना, काम हो तो बोलना. इसलिए बोला.”

मी काय उत्तर दिलं ते मला आठवत नाही. आत धावत गेले एवढं आठवतं.

“सर, ती यालेम आहे.”

सर कपात चहा ओतत होते. हात थांबला.

“आठवा महिना आहे. रक्त जातंय. उद्यापर्यंत टिकणार नाही, तिनेच मला सांगितलं. ती स्वतः नर्स आहे, तिला कळतं!”

त्यांनी कप खाली ठेवला. मी त्यांना चिडलेलं कधी पाहिलं नव्हतं. “तू ऐकून का घेतलंस?” ते ओरडले. “आणि तू मला का सांगितलंस?”

“कारण माणूस आहे ती! तुम्हाला माणूस दिसत नाही, आकडा दिसतो!”

“हो! त्यासाठीच आकडा ठेवलाय!”

बरुआदा उभे राहिले, पुन्हा बसले. नर्स दारात आली. वरच्या गावाच्या पट्टीवर एक कॅमेरा आहे, तो दर दहा मिनिटांनी फोटो पाठवतो. आम्ही सगळे त्या पडद्यासमोर उभे होतो. करडं, करडं, पुन्हा करडं. बारा चाळीसच्या फोटोत वळणाच्या वर एक उजळ पट्टा दिसला. वाऱ्याची नारंगी पिशवी अर्धवट खाली आलेली होती, म्हणजे वाराही पडत होता.

“उघडलंय,” मी म्हटलं. “सर, उघडलंय!”

ते त्या फोटोकडे फार वेळ बघत राहिले. मग खुर्चीत बसले आणि दोन्ही तळहात टेबलावर पालथे ठेवले.

“मला कळत नाही,” ते म्हणाले. “ही फट ढगात आहे की मला हवी आहे म्हणून दिसतेय, हे मला आता कळत नाही. दोन तासांपूर्वी कळलं असतं.”

“मी सांगते, ती आहे!”

“तुला तर मुळीच कळणार नाही.” त्यांचा आवाज खाली आला. “मागे एकदा असंच आम्हाला सांगितलं होतं, चार वर्षांचं मूल आहे म्हणून. माझ्या जागी दुसरा कॅप्टन होता, त्याला फट दिसली. विमान डोंगराला धडकलं, तीन माणसं गेली. ते मूल दुसऱ्या दिवशी गाडीने आलं. बरं झालं. अजून आहे.”

आम्ही गेलो नाही. पुढच्या फोटोत पुन्हा करडं होतं, त्याच्या पुढच्यात थोडं उजळ. ती फट खरी होती का, ते मला आजही सांगता येणार नाही.

गावकऱ्यांनी यालेमला गाडीत घातलं. कमानीपुढचा रस्ता वाहून गेला होता, तिथे बांबूच्या डोलीतून दरड ओलांडली, पलीकडे दुसरी गाडी. विमानाची पस्तीस मिनिटं, रस्त्याचे नऊ तास. ती खालच्या इस्पितळात पोचल्याचा निरोप बरुआदांनीच मला दिला, आणि मग माझ्याकडे न बघता फळा पुसला.

दुसऱ्या दिवशी आकाश धुऊन ठेवल्यासारखं निळं होतं, झाडाचं पान हलत नव्हतं. त्या आकाशाला शिव्या दिल्या मी, मराठीत, गुजरातीत, जेवढ्या येत होत्या तेवढ्या.

इस्पितळात

यालेम वाचली. बाळ वाचलं नाही. मुलगी होती.

ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. नवरा बाहेर बाकावर बसला होता, त्याने मला आत जाऊ दिलं. मी संत्री आणली होती. आपल्याकडे कुठल्याही दुःखाला माणूस संत्री घेऊन जातो. ती कुठे ठेवावी ते मला कळेना.

“आपको समझा था ना, कितना खून जाता है?” तिने विचारलं. “उस दिन. मेरा फोन के बाद. मालूम था ना?”

“हां.”

“साहब को बोला?”

“बोला.”

“फिर?”

मी तिला फळ्याचा नियम सांगितला. मी सांगून टाकल्यामुळे सरांना स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास उरला नाही, हेही सांगितलं. लपवून ठेवलं असतं तर कदाचित ती फट त्यांना नुसती फट म्हणून दिसली असती, कदाचित आम्ही उडालो असतो, कदाचित परत आलो नसतो. एवढ्या कदाचितांचं तिने काय करावं! तिने मला दोष दिला असता तर मी तिच्या पाया पडले असते.

मग तिने वळून माझ्याकडे पाहिलं. “दीदी, हमारे उधर कोई बोलता है कि काम हो तो बोलना, तो वो आदमी आता है. रास्ता बंद हो तो भी आता है. इसलिए सब लोग नहीं बोलता है. सोचके बोलता है. आपके उधर बोलने का मतलब क्या होता है?”

मला उत्तर येत होतं. आमच्याकडे त्याचा अर्थ काहीच होत नाही, एवढंच ते उत्तर होतं. मी संत्री खाटेखाली ठेवली आणि आले.

सही

सहा आठवडे संपले तेव्हा मी बॅग भरून ठेवली होती. सही होणार नाही हे मी धरूनच चालले होते. सरांनी बोलावलं. पुढ्यात माझा कागद होता.

“ती पुन्हा फोन करेल तर?” त्यांनी विचारलं.

“तुम्हाला सांगणार नाही.”

“आणि तू चालवत असशील तर? तुला तर कळलेलंच असेल.”

“माहीत नाही, सर.”

त्यांनी सही केली. मला राग आला. मला वाटलं होतं त्यांनी ओरडावं, कागद फाडावा, काहीतरी शिक्षा करावी. “का?” मी विचारलं.

“माहीत आहे म्हणाली असतीस तर केली नसती,” ते म्हणाले. मग टेबलाचा खण उघडून बंद केला. “तो बारा चाळीसचा फोटो मी अजून बघतो. रोज. तू बघू नकोस. आणि नंबर बदल. वरच्या कुठल्याच गावात तुझा नंबर असता कामा नये.”

बडोदे, परत

पंधरा दिवसांच्या रजेवर आले आहे. नोकरी लागली म्हणून आईने पेढे वाटले. समाला काकांकडे गेलो तर काका आता ‘कॅप्टन, कॅप्टन’ करत होते. ज्या तोंडाने ड्रायव्हर म्हणाले त्याच तोंडाने मला पेशंटच्या गोष्टी सांगायला सांगत होते, “एखादा थरारक किस्सा होऊन जाऊ दे ने!” मी म्हटलं, मला फक्त वजनं माहीत असतात. त्यांना तो विनोद वाटला.

निघताना काकूने दाराच्या कडीवर हात ठेवला आणि म्हणाली, “ये गं पुन्हा. तिकडे एकटी असतेस, काही कामकाज असलं तर सांग हं.”

“सांगितलं तर येशील?” मी विचारलं.

“अं?”

“वरती. रस्ता वाहून गेलेला असतो. मी फोन केला तर तू येशील का, काकू? नाही ना? मग कशाला म्हणतेस?”

काकूचा चेहरा पडला. बाबांनी माझा दंड धरून मला खाली आणलं आणि स्कूटरला किक मारली. काकूची चूक नव्हती, मला कळतंय. ती तेच बोलली जे मी त्या बांबूच्या घराच्या दारात बोलले होते, आणि मला ते काकूच्या तोंडातून परत खेचून घ्यायचं होतं.

आज दुपारी नंबर बदलायला आमच्याच इथल्या मोबाइलच्या दुकानात गेले. क्लासला निघालेल्या पोरांच्या स्कूटर्सनी रस्ता भरला होता. दुकानदाराने फॉर्म भरला आणि विचारलं, “बेन, जूनो नंबर बंद करी दउं ने?” मी म्हटलं, एक मिनिट. बाहेर येऊन स्कूटरला टेकून उभी राहिले आणि यालेमला फोन लावला. ती कामावर परत रुजू झाली आहे हे बरुआदांकडून कळलं होतं. इस्पितळानंतर आम्ही बोललो नव्हतो.

“दीदी,” तिने लगेच उचलला. “बोलो. कोई काम है?”

त्या गावात हा प्रश्न कोणी उगाच विचारत नाही, हे आता मला माहीत होतं.

“हां, यालेम. काम है.” मी तिला सांगितलं की हा नंबर आज बंद होणार. पुढे कधीही, कोणालाही काही झालं, तिला स्वतःला झालं तरी, मला शोधायचं नाही. टेबललाच फोन करायचा. कोण आहे, काय झालंय, ते डॉक्टरला सांगायचं. आमच्या कानावर फक्त वजन येऊ दे. मी हे सगळं चढ्या आवाजात बोलले, भांडत असल्यासारखी, शेजारून जाणारे वळून बघत होते. हळू बोलले असते तर बोलता आलं नसतं.

पलीकडे कोंबड्यांचा आवाज येत होता.

“ठीक है,” ती म्हणाली. “समझ गया.” मग म्हणाली, “तो मेरा नया वजन लिख लो. टेबल में पुराना लिखा है, साठ. अभी इक्यावन है.”

मी पर्समधून पेन काढलं आणि दुकानाच्या फॉर्मच्या मागे लिहून घेतलं.